चोवीसशे विटांवरचं नाव

मेल्चोरा तिंकोपाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. साडेतीन म्हणजे साडेतीन, पावणेचार नव्हे. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेली माती तोवर फुगून येते. ऊन चढायच्या आत ती तुडवली नाही तर वरचा थर सुकतो, खालचा ओला राहतो, आणि अशा मातीची वीट वाळताना हमखास तडकते.

मे ते सप्टेंबर हा इथला कोरडा हिवाळा; डोंगरातल्या पुकापाताला तेव्हा पहाटे खड्ड्यावर बर्फाची साय धरते. ती टाचेने फोडायची, घागरा गुडघ्यापर्यंत खोचायचा, थंडी-थकवा मारायला गालात कोकाची पानं धरायची आणि अनवाणी आत उतरायचं. बूट घालून तुडवलेला चिखल कळत नाही. खडा कुठे राहिला, गवत कुठे गुठळी धरून बसलं, हे तळपायालाच समजतं. हे बाईमाणसाचं काम नाही असं म्हणणारे पुरुष गावात पुष्कळ होते. ते त्या वेळी झोपलेले असत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती दिवसाला साठ विटा पाडायची. मातीच्या, कच्च्या, हातभर लांब-रुंद. साचा धुवायचा, आत वाळू भुरभुरायची, चिखल आपटून कोपऱ्यांत बोटांनी दाबायचा, ओल्या तळव्याने वरून सपाट करायचं आणि साचा सरळ वर उचलायचा. हात तिरका झाला की कड पडलीच. चार दिवसांनी प्रत्येक वीट कडेवर उभी करायची, म्हणजे दुसरी बाजू वाळते. महिनाभराने ती भिंतीत लावण्याजोगी होते. मधे पाऊस आला तर सगळं पुन्हा चिखल.

वीट कडेवर उभी केली की मेल्चोरा खिळा काढायची आणि वरच्या कडेवर दोन अक्षरं कोरायची. मे. ति.

याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी, नवरा एलेउतेरिओ जिवंत असताना, खालच्या गावातल्या एका माणसाने भिंत पडली म्हणून तिला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. त्या विटा तिच्या नव्हत्याच. पण सिद्ध कशाने करणार? त्या दिवसापासून खिळा कमरेला आला. ज्या विटेवर अक्षरं आहेत तिची जबाबदारी माझी, बाकीच्यांचं मला विचारू नका. रास्त गोष्ट होती.

एलेउतेरिओ वारला तेव्हा त्याला मातीत पुरलं आणि वर लाकडी क्रूस रोवला. दोन पावसाळ्यांत क्रुसावरचं नाव धुऊन गेलं. हे मेल्चोराला फार लागलं. तालुक्याच्या दफनभूमीत भिंतीतले कोनाडे मिळतात, पुढे दगडी पाटी आणि तिच्यात कोरलेलं नाव. तसा एक कोनाडा घ्यायचा, त्याची हाडं तिथे न्यायची, आपणही तिथेच जायचं, आणि दोघांची नावं दगडात. त्यासाठी अकरा वर्षं तिच्या मजुरीतला शिल्लक प्रत्येक सोल, इथला रुपयाच तो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडत होता.

मग त्या फेब्रुवारीत गावाचं चॅपेल पडलं.

दोन आठवडे पाऊस थांबला नाही. जुनं छप्पर गळत होतंच. ते बदलायचं म्हणून गाव नऊ वर्षं नुसतं बोलत होतं. एका दुपारी उत्तरेची भिंत बसली आणि तिच्यामागून छप्पर आलं. दारावरचा मोठा क्रूस चौघांनी ओढून काढला आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फुटबॉलच्या जाळ्यांशेजारी उभा केला. फादर वर्षातून दोनदा मिस्सा करायला येत. एरवी रविवारची प्रार्थना तेओदोसिओ चालवायचा. तो गवंडी होता, हाताने चांगला, बोलायला भित्रा.

एप्रिलच्या सभेत तो म्हणाला, "भिंती मी उचलतो. जोतं जुनंच चालेल. पण विटा?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"विटा मी देते," मेल्चोरा म्हणाली. "चोवीसशे लागतील. मी मोजलंय."

"मजुरी, मावशी?"

"देवाकडून मजुरी घेऊ का रे, तेओदोसिओ? तू घेणार आहेस?"

मेपासून तिने रोज चाळीस विटा गिऱ्हाइकांच्या पाडल्या आणि वीस देवाच्या. बाकी गाव पाळीपाळीने एकेक दिवस राबायला येणार असं ठरलं होतं. ते सकाळी नवाला यायचे, सूप प्यायचे, अकराला फावडी शोधायचे. एकजण तर फावडं हनुवटीखाली टेकवून उभ्याउभ्या झोपायचा. मेल्चोरा तोवर आपलं काम उरकून विटा वाहत असे. तिला राग यायचा आणि ती तो गिळायची नाही.

"अरे, प्रभूचं घर बांधतोयस की त्याच्या अंगणात मुक्कामाला आलायस?"

भिंती चढू लागल्या. तिने तेओदोसिओला एकच गोष्ट बजावली होती. "अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेव हां." तो बिचारा एकेक वीट फिरवून बघायचा आणि लावायचा. सप्टेंबर संपत आला तेव्हा चारही भिंती ओळंब्यात उभ्या होत्या. संध्याकाळचं ऊन आडवं पडलं की पश्चिमेच्या भिंतीवर ओळीच्या ओळी दिसायच्या. मे. ति. मे. ति. मे. ति. मेल्चोरा कामावरून येताना तिथे थांबायची. पाठ दुखतेय म्हणून थांबलेय, असं स्वतःला सांगायची.

राहिलं होतं छप्पर. पाऊस सहा आठवड्यांवर होता. छपराविना मातीची भिंत म्हणजे पावसात ठेवलेली भाकरी. तालुक्यातून पत्रे आणायचे तर गावाकडे पैसा नव्हता.

अशा वेळी वाल्देमार शेठ आला.

वाल्देमार पालोमिनो मूळचा पुकापाताचाच. आता त्याचे पाच ट्रक होते, तालुक्यात दोन मजली घर होतं आणि निवडणूक तोंडावर आली होती. आमच्याकडे काहीही नवं उभं राहिलं, घर असो, विहीर असो, की त्याला एक धर्मपिता लागतो. तो छपरासाठी हात सैल सोडतो आणि शेवटच्या दिवशी आढ्यावर क्रूस चढवला जातो तेव्हा त्याला मान मिळतो. चॅपेलचा धर्मपिता मी होणार, असं वाल्देमारने स्वतःच कळवलं. कोणी विचारलं नव्हतं.

तो रविवारी आला, पॉलिश केलेल्या बुटांत. बरोबर फोटो काढणारा. प्रार्थना संपते न संपते तोच भिंतींमधे उभा राहून त्याने पुठ्ठ्यावरचं चित्र उलगडलं.

"पत्रे माझे. वासे माझे. खिळेसुद्धा माझे. फक्त दारावर ही छोटीशी पाटी. सिमेंटची."

छोटीशी पाटी दाराएवढी रुंद होती. वाल्देमार पालोमिनो कुटुंबाकडून पुकापाताला भेट. अक्षरं वीतभर उंच.

"क्रूस कुठे बसणार मग?" तेओदोसिओने हळूच विचारलं. दारावरची ती जागा क्रुसाची होती.

"क्रूस काय, आत लावता येईल की. बाहेरून येणाऱ्याला कळायला नको का, कोणी केलं ते?"

गावाने माना डोलावल्या. का नाही डोलावणार? ज्यांनी भिंतीला एक दिवसही सरळ दिला नव्हता त्यांना छप्पर फुकट मिळत होतं. तेओदोसिओ टोपी हातात फिरवत राहिला. मेल्चोरा मात्र पुढे आली. पाय अजून चिखलाने माखलेले होते.

"शेठ, ही भिंत उभी राहत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"धंद्यात होतो, मावशी. पैसा झाडाला लागत नाही."

"विटाही लागत नाहीत. एक बादली उचललीत? एक दगड? तुमच्या तळहाताला फोड दाखवा बरं एखादा! आणि नाव लावायला आलात, तेही कुठे, तर क्रुसाच्या जागी? प्रभूने तुमच्या नावाखालून वाकून आत जायचं? देवाच्या दारावर पाटी लावायची असेल तर देवाची लावा. तुमची लावा ट्रकवर!"

कोणीतरी हसलं. वाल्देमार हसला नाही. तो शांतपणे चालत पश्चिमेच्या भिंतीकडे गेला आणि अंगठीच्या बोटाने एका विटेवर टकटक केलं.

"हे काय आहे, मावशी?"

तिने त्या विटेकडे पाहिलं.

"मला वाचता येतं. मे. ति." बोट पुढच्या विटेवर. "मे. ति. इथे मे. ति. तिथे मे. ति. तेओदोसिओ, किती विटा आहेत रे एकूण?"

"चोवीसशे," तेओदोसिओ जमिनीकडे बघत म्हणाला.

"मावशी, मी एकदाच लिहायचं म्हणतोय. तुम्ही चोवीसशे वेळा लिहिलंय."

सगळी भिंत हसल्यासारखी वाटली. तिने फुकट राबून ज्यांना भिंती दिल्या तेच पोटं धरून हसत होते. फावड्यावर झोपणाराही हसला. फोटोवाल्याने मेल्चोराचा फोटो काढला. ती शाल डोक्यावर ओढून बाहेर पडली आणि मागे न बघता घरी गेली.

तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. खड्ड्यात मात्र बोलत होती. चिखल तुडवत, देवाशी, मोठ्याने.

"ही हमीची खूण आहे, तुला माहितीये! त्या दिवशी मला शिव्या बसल्या तेव्हा तू होतास ना तिथे? मग सांग त्याला! त्याने बादली उचलली नाही आणि मला शिकवतो? मी आणि तो सारखे? सारखे?"

टाचा चिखलात आपटत होत्या. तिला वाटत होतं, राग निघून जाईल. घामाबरोबर जातो, बहुतेक वेळा. हा जात नव्हता.

चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या विटा कडेवर उभ्या करताना एक तडकलेली निघाली. अक्षरं कोरून झाली होती आणि तेवढ्यात बारीक चीर कडेपासून मधोमध सरकलेली दिसली. अशी वीट विकायची नसते. तिने सवयीने खिळा उलटा धरला, अक्षरं खरवडून काढली आणि वीट मोडक्या विटांच्या ढिगावर टाकली.

मग ती तशीच उभी राहिली.

ढिगाजवळ जाऊन तिने एकेक तुकडा उचलला. तडकलेले, वाकलेले, कोपरा उडालेले, कित्येक हंगामांचे. प्रत्येकाच्या कडेवर खरवडल्याचे ओरखडे. एकावरही नाव नव्हतं. एवढी वर्षं फसलेली प्रत्येक वीट तिने बिननावाची केली होती.

हमी असती तर वाईट विटेवरही नाव राहिलं असतं. जबाबदारी माझी म्हणायचं तर फुटकी वीटही माझीच. पण फुटकीवरून नाव काढलं, चांगलीवर ठेवलं, आणि वर गवंड्याला सांगितलं, बाहेरच्या बाजूला ठेव. ही खूण हमीची कधी संपली आणि कधी दुसरीच कशाची झाली, ते तिला आठवेना. अलीकडे ती 'ति'च्या वेलांटीला एक शेपूटही काढत होती. वीट जास्त टिकावी म्हणून काढत होती का?

तिला वाल्देमारचा राग आलाच, की हे त्याने दाखवावं. देवाला दुसरा माणूस मिळाला नाही का! पण खरं ते खरं. चुकीची वीट कोणी दाखवली म्हणून ती बरोबर होत नाही.

आणखी एक गोष्ट तिला त्या ढिगाशी उभं राहून सुचली. मागच्या हंगामात चारशे विटा अवेळी पावसात गेल्या होत्या. त्याच्या आदल्या हंगामात दीडशे. या वर्षी, चॅपेलच्या वर्षी, एकही नाही. पाच महिने एक थेंब वाळणाऱ्या विटांवर पडला नाही. ऊन तिने पाडलं नव्हतं. वारा तिने सोडला नव्हता. तिने थापलं, खरं, जीव काढून थापलं. पण वाळवलं कोणी? आणि ज्याने वाळवलं त्याने एकाही विटेवर सही केली नव्हती.

"बरं," ती आकाशाकडे बघून म्हणाली, जराशी घुश्शातच. "समजलं. ओरडायला नको."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तिने विटांचा चिखल केला नाही, गिलाव्याचा केला. चाळलेली माती, बारीक चिरलेलं गवत, निवडुंगाचा चीक घातलेलं पाणी. उजाडायला ती चॅपेलशी होती. पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात केली. आधी पाण्याचा हबका, मग चिखलाचा गोळा तळव्याने फेकून मारायचा, मग थापी. मे. ति. गेलं. पुढचं मे. ति. गेलं.

तेओदोसिओ धावत आला. "मावशी, काय करताय? गिलावा छपरानंतर करतात!"

"माहितीये. वरचा हातभर ठेवते छपरासाठी. तिथे शिडीवर चढून अक्षरं घासून टाक. उभा काय राहिलास?"

"पण एवढी सुरेख अक्षरं..."

"तूही बिघडवलंस मला," ती म्हणाली. "बाहेर ठेव म्हटलं की ठेवलीस. एकदा म्हणायचं होतंस, कशाला, मावशी?"

"तुम्हाला कोण म्हणणार!"

ती हसली, पण हात थांबला नाही. नऊ दिवस लागले. गिऱ्हाइकं खोळंबली. फावड्यावर झोपणारा तिसऱ्या दिवशी आला आणि न बोलता पाणी वाहू लागला. सहाला आला, नवाला नव्हे. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुन्हा तसं झालं नाही.

दहाव्या दिवशी वाल्देमार आला. ट्रकमधे पत्रे नव्हते, पाटी होती. सिमेंटची, तयार, दोघांनी उचलायची. त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत सपाट, तपकिरी, कोरी.

"अरे वा! कुठे गेलं नाव?"

"गेलं," मेल्चोरा म्हणाली. गाव जमलं होतं. "तुम्ही बरोबर होतात, शेठ. मी तुमच्यासारखीच होते. तुमच्यापेक्षा चोवीसशे पट. हे सगळ्यांसमोर सांगते. आता माझं नाव नाही. तुम्हीही ट्रकमधून पाटी उतरवू नका. पत्रे द्या, क्रूस आपल्या जागी बसू दे, आणि तुम्ही आमच्याबरोबर दारातून वाकून आत या. तुमच्यासाठी पुढची जागा ठेवते मी."

वाल्देमारने इकडेतिकडे पाहिलं. या वेळी कोणी हसत नव्हतं.

"मावशी, चिखल पुसायला काही लागत नाही. पत्र्याला पैसे लागतात. पाटी नसेल तर छप्पर नाही."

तेव्हा तेओदोसिओने, आयुष्यात पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसासमोर, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "मग छप्पर नको, शेठ."

"पाऊस येईल."

"येईल."

"भिंती विरघळतील."

"ते देव बघेल आणि आम्ही बघू. पाटी मात्र क्रुसाच्या जागी नाही लागणार. मी गवंडी आहे इथला, मी लावणार नाही."

वाल्देमार ट्रकमधे बसला. पाटी घेऊन गेला. जाताना इतकी धूळ उडवली की ओल्या गिलाव्यावर बसली, आणि मेल्चोराला अर्धी भिंत पुन्हा पुसावी लागली. नम्रता आली म्हणून तिने त्याला शिव्या घातल्या नाहीत असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. घातल्या. मग क्षमा मागितली. मग पुसायला लागली.

पुरुषांनी ओढ्याकाठची निलगिरी तोडली, वासे झाले. पत्र्यांचा प्रश्न तसाच होता. पूर्वेकडचे ढग दुपारी काळे होऊ लागले.

मेल्चोराने पलंगाखालून डबा काढला. दोन दिवस तो टेबलावर ठेवून ती त्याच्याभोवती वावरत राहिली, बटाटे सोलले, मका भाजला. दगडातलं नाव तिच्या डोळ्यांपुढे होतं. एलेउतेरिओचं आणि खाली तिचं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "हे त्याच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही." आणि प्रत्येक वेळी तिला तो मोडक्या विटांचा ढीग आठवत होता.

तिसऱ्या दिवशी ती एलेउतेरिओच्या कोऱ्या क्रुसापाशी गेली. "ऐक म्हाताऱ्या," ती म्हणाली. "तू कुठे पडलायस ते मला माहितीये, आणि देवाला माहितीये. तिसऱ्या कोणाला कळायचं काही अडलंय का?" मग तिने तेओदोसिओला बोलावलं आणि दुसऱ्या गावच्या एका मालवाहू गाडीतून दोघं तालुक्याला गेली.

दुकानदाराने विचारलं, "पावती कोणाच्या नावाने?"

"पुकापाता," ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी शेवटचा पत्रा बसला. क्रूस अडगळीच्या खोलीतून आला आणि दारावर, आपल्या जागी बसला. आढ्यावर छोटा क्रूस चढवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "धर्मपिता कोण?" तेओदोसिओने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे असे वटारले की तो लगेच शिडीवर चढला आणि क्रूस स्वतःच ठोकला.

शनिवारी गारा पडल्या. सगळे आत होते. पत्र्यावर असा आवाज की प्रार्थना ऐकू येईना. भिंती कोरड्या. फावड्यावर झोपणारा कौतुकाने वर बघत म्हणाला, "काय वाजतंय मावशीचं छप्पर!"

"कोणाचं?" ती गर्रकन वळली. "पुन्हा म्हण बघू! कोणाचं छप्पर म्हणालास?"

"देवाचं, मावशी, देवाचं!"

"हं. आणि पुढच्या वेळी सहाला येत जा."

सोमवारी साडेतीनला ती खड्ड्यावर होती. पावसाळ्यात विटा होत नाहीत, पण ताडपत्रीखाली माती मळून ठेवता येते. खिळा कमरेला नव्हता. तो तिने छपराच्या कामात तेओदोसिओला दिला होता आणि तो कुठल्या पत्र्यात गेला ते दोघांनाही माहीत नाही.

अकरा वर्षं, पहाटे साडेतीन, दिवसाला साठ विटा. त्या मजुरीतून आले सेहेचाळीस पत्रे, रबराच्या चकत्यांचे खिळे आणि आढ्यावर घालायचे दोन वाकवलेले पत्रे. एलेउतेरिओच्या क्रुसावर अजूनही नाव नाही. तिच्यासाठी जागा त्याच्याच शेजारी, मातीत, ठरलेली आहे.